लोकभाषा आणि झाकलेली पोथी : लॉलर्ड व महानुभाव

न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ या ग्रंथात महाराष्ट्रातील संतांची चळवळ युरोपातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेशी ताडून पाहिली. तेव्हापासून ही तुलना मराठी विचारविश्वात जणू पाठ होऊन बसली आहे. पुरोहितशाहीला विरोध, देवभाषेऐवजी लोकभाषा, जन्मजात श्रेष्ठत्वाऐवजी अंतःकरणाची शुद्धी अशी साम्यस्थळे मोजायची, आणि मग आपल्याकडे ‘खरी’ धर्मसुधारणा का झाली नाही याची चर्चा करायची, असा तिचा ठरलेला क्रम असतो. हा क्रम उलगडून पाहिला तर त्यात एक गृहीत दडलेले दिसते. रानड्यांनी तुलनेसाठी निवडली ती जिंकलेली चळवळ होती. राजांनी उचलून धरलेली, छापखान्यावर स्वार झालेली आणि राष्ट्रांच्या सीमांवर आपले नाव कोरणारी अशी ती चळवळ होती. जिंकलेल्यांशी तुलना केली की आपल्या वाट्याला फक्त उणीव येते.

प्रस्तुत लेखात मी वेगळी जोडी मांडू पाहतो. एका बाजूला महानुभाव पंथ आहे, आणि दुसऱ्या बाजूला इंग्लंडमधील लॉलर्ड, म्हणजे ल्यूथरच्या सव्वाशे वर्षे आधी उठलेले, हरलेले आणि पोटमाळ्यांत व स्वयंपाकघरांत तग धरून राहिलेले सुधारक. दोन्ही चळवळींचा जीव लोकभाषेतील ग्रंथात होता, आणि दोन्हींचे ग्रंथ शतकानुशतके लपून राहिले. मात्र ते लपण्याचे कारण दोन्हीकडे एकच नव्हते. या फरकाकडे नीट पाहिले, तर ‘लोकभाषा म्हणजे खुलेपणा’ हे आपल्या समीक्षेतील आवडते समीकरण डळमळते. माझे म्हणणे एवढेच आहे.

आरंभ भंडाऱ्यापासून करतो. चक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीचा जो भाग लीळाचरित्रात ‘एकांक’ म्हणून ओळखला जातो, त्यात वैनगंगेकाठच्या या गावाचा मुक्काम आहे. या गावाने पंथाला एक अनुयायी दिला, नीळभट भांडारेकार. पुढे नागदेव, म्हाइंभट, केसोबास, महदाइसा, बाइसा अशी माणसे चक्रधरांभोवती जमली, पण हा त्यांच्या आधीचा माणूस. गावाचे नाव त्याने आपल्याबरोबर पंथाच्या स्मृतीत नेले. त्याच्याजवळ ग्रंथ नव्हता, कारण ग्रंथ अजून झालाच नव्हता. सूत्रपाठ नव्हता, दृष्टांतपाठ नव्हता, सकळ लिपी तर फारच पुढची गोष्ट. त्याने एक माणूस पाहिला आणि तो त्याच्यामागून चालू लागला. पंथाच्या परिभाषेत दीक्षा घेण्याला ‘अनुसरणे’ म्हणतात, तो शब्द येथे अगदी पायांनी खरा होतो. महानुभावीय साहित्याचा विचार आपण नेहमी म्हाइंभटापासून, म्हणजे लेखकापासून सुरू करतो. तो नीळभटापासून, म्हणजे अनुयायापासून सुरू केला, तर त्या साहित्याची घडण निराळी दिसू लागते.

आता इंग्लंडकडे वळू. तेथे उलट घडले. तेथे ग्रंथ आधी होता आणि अनुयायी नंतर आले. जॉन विक्लिफ हा ऑक्सफर्डचा धर्मशास्त्रज्ञ होता. तो लिहीत होता लॅटिनमध्ये आणि वाद घालत होता विद्यापीठात. चर्चची संपत्ती, पोपची सत्ता, आणि प्रभुभोजनात भाकरीचे द्रव्य खरोखर बदलते की नाही हा प्रश्न, या सगळ्यांवर त्याने हल्ला चढवला. १३८२ साली लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स मठात भरलेल्या धर्मसभेने त्याची अनेक मते पाखंड अथवा प्रमाद ठरवली. १३८४च्या अखेरीस तो लटरवर्थ येथे, आपल्या परगण्यात, अंथरुणावर मेला. त्याला कोणी जाळले नाही. मात्र मरणोत्तर छळ चुकला नाही. १४१५च्या कॉन्स्टन्स धर्मपरिषदेने त्याला पाखंडी ठरवून त्याची हाडे उकरण्याचा आदेश दिला, आणि १४२८ साली ती उकरून, जाळून, राख स्विफ्ट नदीत टाकण्यात आली. त्याच परिषदेने यान हुस याला जिवंत जाळले. विक्लिफची लॅटिन पुस्तके बोहेमियापर्यंत पोहोचली होती, याची ती किंमत होती.

विक्लिफच्या हयातीत व लगेच नंतर त्याच्या वर्तुळातील पंडितांनी लॅटिन बायबल इंग्रजीत आणले. त्याची दोन रूपे आज ओळखली जातात. पहिले लॅटिनच्या शब्दक्रमाला चिकटलेले आहे, दुसरे इंग्रजीच्या चालीने चालणारे. येथे समीक्षकाने थांबायला हवे. एकाच संहितेची ही दोन भाषांतरे म्हणजे लोकभाषेवर विश्वास कसा वाढत गेला याचा आलेख आहे. पहिल्यात मूळ पवित्र शब्दांचा क्रमही मोडायची भीती आहे. दुसऱ्यात असे गृहीत धरले आहे की अर्थ हाच पवित्र आहे आणि तो इंग्रजी वाक्यात राहू शकतो. पाखंड म्हणून जे पुढे जाळले गेले, त्याची मुळे मला या वाक्यरचनेच्या निर्णयात दिसतात.

प्रस्थापितांनी ते ओळखले होते. १४०१ साली पाखंड्यांना जाळण्याचा कायदा इंग्लंडच्या संसदेत झाला आणि त्याच वर्षी विल्यम सॉट्री या धर्मगुरूला जाळण्यात आले. १४०९ साली आर्चबिशप टॉमस ॲरंडेल याने जाहीर केलेल्या नियमांनी परवानगीवाचून बायबलचे इंग्रजी भाषांतर करण्यास व अशी भाषांतरे वाचण्यास बंदी घातली. १४१४ साली सर जॉन ओल्डकॅसल याच्या नावाने झालेले बंड फसले. तेव्हापासून लॉलर्ड असणे म्हणजे राजद्रोहीही असणे, अशी सांगड बसली. पंडित, सरदार, विद्यापीठ यांची साथ सुटली. उरले ते कारागीर, विणकर, कातडी कमावणारे, सुतार, त्यांच्या बायका, मोलकरणी.

त्यांचे नावही त्यांचे नव्हते. ‘लॉलर्ड’ हा मूळ डच शब्द पुटपुटणाऱ्या, तोंडातल्या तोंडात बडबडणाऱ्या माणसाला लावला जाई. तो शत्रूंनी चिकटवला. ते स्वतःला ‘खरी माणसे’ म्हणत, आणि पुढे ‘ओळखीची माणसे’. आपल्याकडे ‘महानुभाव’चे ‘मानभाव’ झाले आणि ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण घरोघर पोहोचली, तेव्हा हाच न्याय लागू झाला. दोन्ही नावांत रोख बोलण्यावर आहे, हे पाहण्यासारखे आहे. लॉलर्ड पुटपुटतात, मानभाव गोड बोलतात. जी माणसे आपापसांत एका विशिष्ट बोलीत बोलतात आणि ज्यांचे शब्द आपल्याला ओळखीचे असूनही अर्थ हाती लागत नाही, त्यांच्याविषयी बहुसंख्य समाजाला वाटणारा संशय या नावांत गोठला आहे.

हा संशय अगदीच निराधार नव्हता. ॲन हडसन यांनी लॉलर्डांच्या इंग्रजी लेखनात एक सांप्रदायिक शब्दकळा आहे का, हा प्रश्न १९८१ साली उपस्थित केला होता. ‘खरी माणसे’, ‘देवाचा कायदा’ हे साधे इंग्रजी शब्द आहेत, रस्त्यावरच्या माणसाला कळणारे आहेत, आणि तरीही आतल्या माणसाला त्यांतून खूण पटते. महानुभावांच्या सूत्रपाठातही असेच आहे. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे शब्द कोणत्या मराठी माणसाला ठाऊक नाहीत? पण पंथात त्यांच्याभोवती जी अर्थांची तटबंदी आहे तीत बाहेरचा माणूस सहजी शिरू शकत नाही. ‘संनिधान’ आणि ‘असंनिधान’ या दोन शब्दांत पंथाच्या सगळ्या दुःखाचा इतिहास आहे. लोकभाषा निवडणे आणि लोकांना समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे आपल्या देशीवादी समीक्षेने पुरेसे ध्यानात घेतलेले नाही. महानुभावीय गद्याचे श्रेष्ठत्व तिने ठणकावून सांगितले, हे तिचे ऋण मान्यच आहे. पण त्या गद्याला ती अनेकदा निव्वळ बोलीचे, मोकळ्या हवेचे गद्य समजते. ते मोकळे आहेच. पण ते राखलेलेही आहे.

आता दोन्ही परंपरांतील अनुयायाचा आवाज आपल्यापर्यंत कसा आला ते पाहू. मला या तुलनेतील हा सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

१४२८ ते १४३१ या काळात नॉरिचचा बिशप विल्यम ॲनिक याने आपल्या धर्मप्रांतात पाखंड्यांवर खटले चालवले. त्यांची दप्तरे उरली आहेत आणि नॉर्मन टॅनर यांनी ती १९७७ साली संपादून प्रसिद्ध केली. त्यांत मार्थम गावच्या मार्जरी बॅक्स्टर या बाईविरुद्ध तिच्या शेजारणीने, जोन क्लिफलँडने, १४२९च्या एप्रिलमध्ये दिलेली साक्ष आहे. मार्जरी एका सुताराची बायको. ती शेजारणीला सांगते की लाकडाच्या मूर्तींपुढे गुडघे टेकू नकोस, त्या लाकूडच आहेत. ती तिला बोलावते की रात्री गुपचूप माझ्या खोलीत ये, माझा नवरा पुस्तकातून ख्रिस्ताचा कायदा वाचून दाखवील. शेजारणीची मोलकरीण सांगते की उपवासाच्या दिवसांत मार्जरीच्या चुलीवरच्या भांड्यात ओटच्या पिठाबरोबर डुकराच्या मांसाचा तुकडा शिजत होता. एका सामान्य बाईचे घर, चूल, भांडे, अंथरूण आणि मत हे सगळे आपल्याला दिसते. दिसते ते शत्रूच्या कागदावर. आणि तो कागद लॅटिनमध्ये आहे. लेखनिकाने तिचे इंग्रजी बोलणे लॅटिनमध्ये उतरवले, अधूनमधून एखादा इंग्रजी शब्द तसाच राहू दिला. जी बाई देवाचा शब्द आपल्या भाषेत ऐकण्यासाठी जीव धोक्यात घालत होती, तिचे स्वतःचे शब्द आपल्यापर्यंत आले ते तिला न कळणाऱ्या भाषेत.

याच्या शेजारी लीळाचरित्र ठेवा. तेथेही सामान्य माणसे आहेत. त्यांचे जेवण, त्यांचे रुसवे, त्यांची भूक, त्यांचे वेडगळ प्रश्न आहेत. चक्रधरांनी कोणाला काय म्हटले, कोण कोठे बसले होते, कोणी काय आणून दिले, असा तपशील मार्जरीच्या भांड्याइतकाच जिवंत आहे. पण तो टिपणारा हात प्रेमाचा आहे, आणि तो मराठीत टिपतो. चक्रधरांच्या पश्चात म्हाइंभटाने ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिले होते त्यांना गाठून, विचारून आठवणी गोळा केल्या. जेथे दोघांच्या सांगण्यात फरक पडला तेथे तो फरक नोंदवला. न्यायालयाचा लेखनिक साक्षी नोंदवतो, म्हाइंभटही साक्षीच नोंदवतो. फरक हेतूचा आहे. नॉरिचच्या दप्तरात साक्ष शिक्षेसाठी घेतली जाते, तर लीळाचरित्रात ती विरह सोसण्यासाठी.

या दुसऱ्या प्रकारच्या दप्तराची मर्यादाही सांगितली पाहिजे. प्रेमाच्या नोंदवहीत बंडखोराला जागा कमी असते. मार्जरी बॅक्स्टर आपल्याला शिव्या देताना, चुकताना, शेखी मिरवताना दिसते, कारण तेच सिद्ध करायचे होते. नीळभट आपल्याला दिसतो तो चक्रधरांच्या प्रकाशात. त्याच्या घरी मागे काय झाले, गावाने त्याला काय म्हटले, हे विचारणारा बिशप भंडाऱ्यात नव्हता. बरेच झाले. पण त्यामुळे अनुयायाचे एकटेपण आपल्या वाङ्मयेतिहासातून निसटले.

ब्रायन स्टॉक यांनी १९८३ साली मध्ययुगीन पाखंडांच्या अभ्यासात एक उपयुक्त कल्पना मांडली. एखाद्या ग्रंथाभोवती, आणि त्या ग्रंथाचा अर्थ सांगू शकणाऱ्या एखाद्या माणसाभोवती, जमलेला समूह म्हणजे ‘संहिता-समूह’. त्यातल्या प्रत्येकाला वाचता येण्याची गरज नाही. एक वाचतो, बाकीचे ऐकतात, पाठ करतात, त्याप्रमाणे वागतात. लॉलर्डांना ही कल्पना तंतोतंत लागू पडते. महानुभावांना ती लागू करताना मात्र तिची दिशा बदलावी लागते. येथे समूह आधी जमला, मग त्याने संहिता रचली. आणि ती हरवल्यावर, यादवसत्ता कोसळल्यानंतरच्या धामधुमीत, पंथाच्या परंपरेनुसार ती पुन्हा स्मरणातून उभी केली. त्या पुनर्रचनेत हिराइसेसारख्या स्त्रीच्या पाठांतराचे नाव आदराने घेतले जाते. लीळाचरित्राचे जे वेगवेगळे पाठ आज संपादकांना छळतात, ते या घटनेचे वळ आहेत. ‘शुद्ध मूळ पाठ’ शोधणाऱ्या संपादनशास्त्राला ही अडचण वाटते. मला ती या ग्रंथाची जन्मखूण वाटते.

स्त्रियांचा प्रश्न दोन्हीकडे लोकभाषेच्या प्रश्नाशी बांधलेला आहे. केसोबासाने संस्कृतात लिहिण्याचा मनोदय सांगितला तेव्हा नागदेवाने त्याला अडवले, कारण त्यामुळे आपल्या पंथातल्या म्हाताऱ्या वंचित होतील, हा स्मृतिस्थळातील प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्याचे महत्त्व आपण बहुधा मराठीच्या अभिमानापुरते मर्यादित करतो. पण नागदेव येथे ‘मराठी श्रेष्ठ आहे’ असे म्हणत नाही, ‘लोकांना कळले पाहिजे’ असेही म्हणत नाही. तो एका ठोस श्रोतृवर्गाचे नाव घेतो, आणि तो वर्ग म्हणजे म्हाताऱ्या स्त्रिया. वाङ्मयीन भाषेची निवड ही कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे याची निवड असते, हे सूत्र त्या प्रसंगात जितके उघड आहे तितके आधुनिक सिद्धान्तग्रंथांत क्वचित सापडेल. क्रिश्चियन नोवेट्झके यांनी २०१६ साली महानुभाव व ज्ञानेश्वरी यांवर लिहिलेल्या ‘द क्वोटिडियन रेव्होल्यूशन’ या पुस्तकात लोकभाषेकडे वळण्याच्या या घटनेचा सामाजिक अन्वय लावला आहे. त्यांच्या विवेचनात रोजच्या जगण्याला जे महत्त्व आहे ते योग्यच आहे. पण लोकभाषेने उघडलेली दारे पुढे कोणी आणि का लावून घेतली, हा प्रश्न त्या काळाच्या पलीकडे पडतो.

ती दारे सकळ लिपीने लावली. महानुभावांनी आपले मराठी ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. त्यांतील सकळ लिपी सर्वांत प्रचलित, तिचे कर्तृत्व परंपरा रवळोबासांकडे देते. याशिवाय सुंदरी, वज्र, अंक अशा आणखीही लिप्या होत्या. अक्षरांच्या जागी दुसरी अक्षरे ठेवायची एवढाच तिचा मूलमंत्र. पण परिणाम असा झाला की मराठीतला आद्य गद्यग्रंथ मराठी माणसाला वाचता येईना. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी ही लिपी उलगडली. पुढे पंथातील काही महंतांनी पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांनी ते वाङ्मय प्रकाशात आणले. विदर्भाने ही कामगिरी केली, हा काही योगायोग नव्हे. मठ येथे होते, पोथ्या येथे होत्या, आणि महंतांशी बोलू शकणारी माणसेही येथलीच होती.

सकळ लिपीची कारणे अनेक सांगितली जातात. परकी आक्रमणे, पाखंडी म्हणून होणारी हेटाळणी, ग्रंथ अनधिकारी हाती पडू नयेत ही काळजी ही त्यांतली काही. पंथाच्या कथांत हेमाद्रीच्या वैराच्या आठवणी आहेत, छळाच्या आहेत. पण दख्खनमध्ये ॲरंडेल झाला नाही. मराठी धर्मग्रंथ बाळगल्याबद्दल माणसाला जाळण्याचा कायदा येथे कोणत्याही सत्तेने केला नाही. लॉलर्डांची पुस्तके राज्याने बंद केली, महानुभावांनी आपली पुस्तके स्वतः बंद केली. शिवाय एक विपर्यास असा की बंदी असलेले ते इंग्रजी बायबल बंद राहिलेच नाही. त्याच्या पूर्ण वा अपूर्ण अशा सुमारे अडीचशे हस्तलिखित प्रती आज उरल्या आहेत. मध्ययुगीन इंग्रजीतल्या दुसऱ्या कोणत्याही कृतीच्या इतक्या प्रती नाहीत. त्यांतल्या काही मठांत, सनातनी धर्मगुरूंकडे, राजघराण्यात वापरल्या गेल्या. बंदी घातलेला ग्रंथ सर्वांत जास्त वाचला गेला, आणि कोणीही बंदी न घातलेला ग्रंथ त्याच्याच माणसांनी झाकला.

याचा अर्थ महानुभाव प्रतिगामी झाले असा करणे सोपे आहे, आणि तो चुकीचा आहे. झाकणे हा अविश्वास असतो तसा आदरही असतो. ज्या समूहाने ग्रंथ स्वतःच्या आठवणीतून दोनदा घडवला, त्याला तो आपल्या देहाचा भाग वाटला तर नवल नाही. एकोणिसशे अठ्ठ्याहत्तर साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने कोलत्यांचे लीळाचरित्र प्रसिद्ध केल्यावर पंथीयांनी त्यावर जे तीव्र आक्षेप घेतले, ते आपण अभ्यासकांनी केवळ अंधश्रद्धा म्हणून उडवून लावले. तेथे एक प्रश्न होता आणि तो साहित्यशास्त्राचा होता : ग्रंथ कोणाचा, लिहिणाऱ्याचा, वाचणाऱ्याचा की आठवणाऱ्याचा? आपण उत्तर दिले, ‘वाचणाऱ्याचा’. आठवणाऱ्यांना विचारले नाही.

पण आदराने झाकलेल्या गोष्टीचे काय होते, हे पंजाबात दिसते. महानुभाव पंथ उत्तरेत पसरला. तेथे त्याला जयकृष्णी म्हणत. पेशावरपर्यंत मठ होते. त्या मठांत मराठी पोथ्या वाचल्या जात. ज्या अनुयायांची मातृभाषा पंजाबी होती, त्यांना मराठी ही धर्मभाषा म्हणून शिकावी लागे. नागदेवाने म्हाताऱ्यांसाठी राखलेली भाषा पंजाबातल्या म्हातारीसाठी संस्कृतच झाली. कोणतीही लोकभाषा एकदा ग्रंथात पवित्र झाली की तिच्यातला ‘लोक’ मागे पडतो. इंग्रजीचेही तेच झाले. १५३८ साली, म्हणजे ॲरंडेलनंतर सव्वाशे वर्षांनी, प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवण्याचा हुकूम राजाने काढला, आणि पुढे १६११च्या बायबलची भाषा अशी गोठली की खुद्द इंग्रजांना ती जुनाट वाटू लागल्यावरही कित्येकांना तीच देवाची वाटत राहिली. भंडारा, साकोली भागात झाडीबोलीच्या अभ्यासकांनी जी तक्रार मांडली आहे, तिचे मूळ येथेच आहे. ज्या मुलखात ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात त्या मुलखाला छापील मराठी ही कोणाची तरी दुसऱ्याची पोथी वाटते.

येथे एक विषयांतर करतो, कारण ते टाळता येत नाही. लॉलर्डांची पुस्तके जाळणाऱ्या चर्चनेच दोनशे वर्षांनी मराठीत ख्रिस्तकथा लिहवून घेतली, आणि लिहिणारा इंग्रज होता. विल्टशरमध्ये जन्मलेला टॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे बायबलचे भाषांतर नव्हे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. शास्त्राचे शब्द उघडायचे नाहीत, त्यांची कथा सांगायची, ही तडजोड त्यात आहे. त्याच्या मायदेशात तोवर कॅथलिक हेच छळलेले, लपलेले लोक झाले होते. छळणारा आणि छळलेला यांनी जागा बदलल्या होत्या, आणि त्या अदलाबदलीतला एक माणूस साष्टीत बसून मराठी ओवी रचत होता. मराठी बायबल पूर्ण रूपात, सामान्य बायकांना कळेल अशा भाषेत आणण्याचा ध्यास पुढे पंडिता रमाबाईंनी घेतला. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी ते काम १९२२ साली, मृत्यूच्या आधी, हातावेगळे केले. केडगावच्या मुक्तिसदनातल्या स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले. नागदेवाच्या म्हाताऱ्या तेथे केवळ श्रोत्या राहिल्या नव्हत्या.

आता या जोडीतला जो भाग जुळत नाही त्याकडे येतो. लॉलर्डांना स्थाने मान्य नव्हती. १३९५ साली त्यांनी लंडनमध्ये संसदेच्या दाराशी जी बारा कलमे लावली, त्यांत तीर्थयात्रा, मूर्तीपुढील प्रार्थना व अर्पणे यांचा निषेध होता. महानुभावांनीही देवतांची पूजा नाकारली, पण स्थान मात्र त्यांच्या धर्माच्या केंद्रस्थानी आले. चक्रधर जेथे बसले, जेथे निजले, जेथे जेवले, ती ती जागा ओट्याच्या रूपाने राखली गेली. ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथच त्या जागांसाठी आहे. मूर्ती नाकारायची आणि माती वंदायची, हे बाहेरून विसंगत वाटते. आतून त्यात तर्क आहे. मूर्ती देवाची कल्पना आहे, ओटा देवाची खूण आहे. ज्याने असंनिधान भोगले आहे त्याला कल्पना पुरत नाही, खूण लागते. भंडाऱ्यातले स्थान वंदायला येणारा महानुभाव एका अर्थी नीळभटाच्या जागी उभा राहतो. पाहिलेला माणूस गेला, तो चालला ती जमीन राहिली.

लॉलर्ड मात्र या बाबतीत आपल्या सिद्धान्ताला जागले असते, तर ही तुलना येथे संपली असती. ते जागले नाहीत. मार्जरी बॅक्स्टर संतांची पूजा मूर्खपणाची म्हणत होती. तिचा गुरू विल्यम व्हाइट १४२८ साली नॉरिच येथे जाळला गेला. ती तेथे गेली होती. शेजारणीच्या साक्षीनुसार ती म्हणे की व्हाइट स्वर्गातला मोठा संत आहे आणि मी रोज त्याची प्रार्थना करते. पुढे १४४० साली लंडनच्या टॉवर हिलवर रिचर्ड विच या वृद्ध लॉलर्ड धर्मगुरूला जाळले. दुसऱ्या दिवसापासून लोक त्या जागी येऊ लागले. प्रार्थना करू लागले, पैसे व मेणाच्या वस्तू ठेवू लागले, राख उचलून घरी नेऊ लागले. राजाला बंदीचा हुकूम काढावा लागला. हुकूमाने गर्दी थांबेना, तेव्हा ती जागा जनावरांचे शेण टाकण्याचा उकिरडा करण्यात आली.